चंद्राला विचारा, रोहित कधी येणार!

दोस्तांनो, सुट्टीत मुंबईला जायचं ठरलं की तुमच्या यादीत काय काय असतं? राणीची बाग, म्हातारीचा बूट, गेट वे ऑफ इंडिया आणि चौपाटीवरची भेळ! असतं ना? आता त्या यादीत आणखी एक गोष्ट घाला. चिखल!

हसू नका बरं का. मुंबईच्या खाडीतला हा चिखल गाठायला हजारो पाहुणे थेट कच्छच्या रणाकडून येतात, तेही तिकीट न काढता, उडत! हे पाहुणे म्हणजे फ्लेमिंगो. मराठीत त्यांना रोहित म्हणतात, अग्निपंख असंही म्हणतात. पण त्यांना बघायचं तर मनगटावरचं घड्याळ उपयोगाचं नाही. मी घड्याळ बघून गेलो होतो. माझी कशी फजिती झाली, तेच आधी सांगतो.

२०१२ सालचा मे महिना. मी सातवीची परीक्षा दिली होती. आई, बाबा, आजी, धाकटी बहीण चिमी आणि मी, असे आम्ही पाच जण अकोल्याहून परळला मामाकडे आलो होतो. सगळी मुंबई बघून झाली, रोहित तेवढे राहिले. दुसऱ्या दिवशी परतीची गाडी. आणि मी तर वर्गात आधीच फुशारकी मारून ठेवलेली, "रोहित बघून येणार आणि त्यांचं चित्र काढून आणणार!"

शेवटी बाबा तयार झाले. दुपारी जेवणं उरकून आम्ही शिवडी स्टेशनवर उतरलो आणि रणरणत्या उन्हात धक्क्यापर्यंत चालत गेलो. पोचलो तेव्हा बरोबर तीन वाजले होते. समोर बघतो तर काय? नुसतं पाणी! गढूळ, करड्या रंगाचं, थेट काठाला लागलेलं. दुरुस्तीला आलेल्या जुन्या बोटी होत्या, कावळे होते, एक घार होती. गुलाबी रंगाचं मात्र काहीच नव्हतं.

"हेच बघायला आणलंस होय रे?" आजी पदरानं घाम पुसत म्हणाली. बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त घड्याळाकडे बघितलं. त्यांचं बोलणं परवडलं असतं!

जवळच सावलीत एक कोळीकाका जाळं दुरुस्त करत बसले होते. आमचे चेहरे बघून ते हसले.

"पक्षी बघायला आलात? चुकलात. ही भरतीची वेळ. आई, आज तिथी कुठली?"

आजीला हे विचारायचीच खोटी! "चतुर्थी. संकष्टीचा उपास आहे माझा."

"मग झालं तर! चार पाऊण तीन. तीनला भरती. पाणी उतरू द्या, येतील ते."

दोस्तांनो, हे "चार पाऊण तीन" म्हणजे काय, माहीत आहे? कोकणातल्या खलाशांचं आणि कोळ्यांचं हे जुनं गणित आहे. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची साधारण वेळ. चतुर्थी म्हणजे चार, चाराची पाऊणपट तीन. मग दुपारी तीनला भरती आणि पहाटे तीनच्या सुमारालाही भरती. अष्टमीला सहा वाजता. दशमीला साडेसातला. पौर्णिमा आणि अमावास्येला मात्र सरळ बारा धरायचे. भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी.

हे जमतं कसं? भरती-ओहोटी होते ती मुख्यतः चंद्राच्या ओढीमुळे. सूर्याचाही त्यात थोडा वाटा असतो. चंद्र रोज आदल्या दिवसापेक्षा सुमारे ५० मिनिटं उशिरा डोक्यावर येतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. आणि तिथी तरी कशावरून ठरते? चंद्रावरूनच! म्हणजे भिंतीवरच्या दिनदर्शिकेत समुद्राचं वेळापत्रक दडलेलंच असतं. अर्थात हा अंदाज आहे, त्यात अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे होतो. पाण्यात उतरायचं असेल तर त्याच्यावर विसंबू नका. तिथे भरतीचं अधिकृत वेळापत्रकच बघायचं.

तर आम्ही बसलो. बाबा म्हणाले, "पाच वाजेपर्यंत थांबू. पुढे एक मिनिट नाही."

चार वाजले. पाणी एक हातभर मागे सरकलं. साडेचारला काठाशी चिखलाची पट्टी दिसायला लागली. चिमीला त्यात खेकडे दिसले. मग चिखलावरून टुणटुण उड्या मारणारे निवटी मासे दिसले. एक ढोकरी हळूच येऊन उभी राहिली. पाच वाजले. रोहित नाहीतच! बाबा उठले, चपला घातल्या.

तेव्हा आजी काय म्हणाली, माहीत आहे? "तुम्ही जा. माझा चंद्र रात्री साडेनऊनंतर उगवणार. तोवर मला कुठलीच घाई नाही. मी बसते इथंच."

आता आजीला सोडून कोण जाणार? बाबा गुपचूप परत बसले.

आणि साडेपाचच्या सुमाराला, दूर पाण्यावर, एक फिकट गुलाबी रेघ उमटली. रेघ हलली. जाड झाली. जवळ आली, आणि तिचे पाय, माना, चोची दिसायला लागल्या. शेकडो रोहित! डोकी खाली घालून, एका चालीनं, "गँ गँ" असा आवाज करत चिखलात शिरत होते. मध्येच एक थवा उडाला आणि पंखांखालचा लालभडक रंग उन्हात असा काही चमकला, की अग्निपंख हे नाव कुणी समजावून सांगायची गरजच उरली नाही.

"अगंबाई!" आजी म्हणाली. "हे तर लग्नाचं वऱ्हाडच निघालंय की!"

हे वऱ्हाड जेवायला आलं होतं. आपण ज्याला नुसता चिखल म्हणतो ना, ते त्यांचं ताट! नद्या-नाल्यांनी आणलेला गाळ, खारफुटीची कुजलेली पानं, त्यावर वाढणारी बारीक शेवाळं, अळ्या, कोळंबीसारखे इवले जीव, सगळं त्या ताटात वाढलेलं असतं. दिवसातून दोनदा भरती ते ताट झाकते आणि दोनदा ओहोटी उघडते. काठाजवळचा चिखल आधी उघडा पडतो, म्हणून पक्षी आधी जवळ येतात आणि पाणी हटत जाईल तसे त्याच्यामागे लांब लांब जातात. पूर्ण भरतीला पोचलात तर पक्षी नाहीत, पूर्ण ओहोटीला पोचलात तर दूरवर गुलाबी ठिपके! खरी मजा भरतीच्या आधी दोन-तीन तास किंवा नंतर दोन-तीन तास.

रोहितचं जेवणही मोठं मजेदार. तो डोकं उलटं करून चोच पाण्यात घालतो. जाड जीभ पंपासारखी मागेपुढे करतो, पाणी आत घेतो आणि बाहेर टाकतो. चोचीच्या कडेला बारीक चाळणी असते, तिच्यात खाणं अडकतं. त्याचा गुलाबी रंगही याच खाण्यातून येतो. गाजराला केशरी करणाऱ्या रंगद्रव्यांच्या कुळातलीच द्रव्यं या शेवाळात असतात. रोहितची पिल्लं मात्र करड्या रंगाची असतात.

ठाण्याच्या खाडीत दोन जातींचे रोहित येतात. मोठा रोहित सव्वा ते दीड मीटर उंच, अंगानं पांढरट, चोच गुलाबी आणि टोक काळं. छोटा रोहित मीटरभरही नसतो, पण रंगानं जास्त गुलाबी आणि त्याची चोच गडद. इथे गर्दी असते ती छोट्यांचीच. पावसाळा आला की बहुतेक पक्षी निघून जातात आणि साधारण हिवाळ्याच्या तोंडावर परत यायला लागतात. हिवाळ्यात गेलात तर चिखल्या, तुतवार, कुरव अशी इतर मंडळीही भेटतील. त्यांच्या चोची बघा. कुणाची आखूड, कुणाची लांब. आखूड चोचीचा वरवरचं टिपतो, लांब चोचीचा खोलातलं ओढतो. एकाच ताटात जेवतात, पण भांडणाचं कारण नाही!

त्या संध्याकाळनंतर बरंच काही बदललं. खाडीच्या पश्चिम काठाचा भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला. २०२२ साली ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींपैकी एक असल्याचा मान मिळाला. जानेवारी २०२४ मध्ये शिवडीहून सुरू होणारा अटल सेतू खुला झाला. पक्ष्यांना त्रास कमी व्हावा म्हणून शिवडीकडच्या भागात पुलाला आवाज अडवणारे पडदे लावले आहेत. आता रोहित बघायचे तर नवी मुंबईत ऐरोलीला जा. तिथल्या वनविभागाच्या केंद्रातून बोटीनं खाडीत नेतात. बोटीच्या वेळा रोज बदलतात. का, ते तुम्हाला आता सांगायला नको!

पण एक प्रश्न मात्र तुम्हाला विचारायचा आहे. भरतीच्या वेळी ताट झाकलेलं असताना रोहित जातात कुठे? ते खाडीकाठच्या उथळ तळ्यांत आणि पाणथळींत जाऊन थांबतात. नेरुळजवळ अशा जागा आहेत. त्या चुकीच्या वेळी बघितल्या तर अगदी "रिकाम्या" वाटतात, आणि रिकामी जागा दिसली की कुणाला तरी तिथे भराव घालावासा वाटतो. आम्ही तीन वाजता परत फिरलो असतो, तर शिवडीला काही नाही असंच अकोल्याला जाऊन सांगितलं असतं!

म्हणून या सुट्टीत रत्नागिरी, मालवण, अलिबाग, पणजी, कुठेही गेलात तरी खाडीकाठ गाठा. आधी तिथीची पाऊणपट काढा. चिखलात मात्र उतरू नका, पाय रुततात. पक्षी उडावेत म्हणून दगड तर मुळीच मारू नका. जेवताना तुम्हाला कुणी पाटावरून उठवलं तर आवडेल का? एक वही ठेवा आणि तारीख, तिथी, वेळ, पाणी किती आणि पक्षी कोणते, एवढं लिहा. पक्षी नाही दिसला, तर तेही लिहा आणि दुसऱ्या वेळी परत जा.

माझ्या वहीतलं रोहितचं चित्र काही खास जमलं नव्हतं. त्याच्या खाली आजीनं स्वतःच्या हातानं तिथी लिहिली होती, "वैशाख वद्य चतुर्थी". आणि त्या रात्री चंद्र उगवल्यावर तिनं त्याला जरा जास्तच वेळ हात जोडले, असं मला आपलं वाटलं!