अतिमानुष वीराचे सोंग आणि नटाचा व्यवसाय

अतिमानुष सामर्थ्याच्या वीरांचे चित्रपट पाहण्याची गोडी आमच्या विद्यार्थ्यांस किती लागली आहे, हे मधल्या सुट्टीत त्यांची चर्चा ऐकणाऱ्यास निराळे सांगणे नलगे. मुखवटा चढवून दुर्जनांचे पारिपत्य करणारा तो वीर पाहून कित्येक मुलांच्या मनात येते की, आपणही नट व्हावे आणि असेच एखादे काम मिळवावे. त्याच मुलांचे पालक आम्हांस चिंतेने विचारतात की, हा काही पोट भरण्याचा धंदा आहे काय? दोन्ही प्रश्न योग्य आहेत. त्यांचे उत्तर उपदेशाने देण्यापेक्षा, आपल्या मराठी भाषेतच झालेल्या अशा एका चित्रपटातील नटांचा पुढचा-मागचा वृत्तांत पाहून द्यावे, असे आम्हांस वाटते.

प्रथम थोडे मागे जाऊ. अद्भुत पराक्रमाचा वीर पडद्यावर आणण्याची कल्पना आपल्याकडे परदेशातून आलेली नाही. गोदावरीच्या उगमापाशी, त्र्यंबकेश्वरी, १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१७ साली 'लंकादहन' हा मूकपट काढला. त्यात मारुतीचे काम गणपत शिंदे यांनी केले होते. राम आणि सीता ही दोन्ही कामे मात्र अण्णा साळुंके या एकाच नटाने वठविली. हे साळुंके मूळचे मुंबईच्या एका उपाहारगृहातील नोकर. १९१३ सालच्या 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामतीचे काम करावयास स्त्री मिळेना, तेव्हा फाळक्यांची दृष्टी त्यांच्यावर गेली. उपाहारगृहात त्यांस दरमहा दहा रुपये मिळत. फाळक्यांनी पंधरा देऊ केले. अशा रीतीने हिंदुस्थानातील पहिल्या पूर्ण लांबीच्या कथापटाला नायिका मिळाली. परंतु याहून लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट पुढची आहे. साळुंके केवळ सोंगे घेत राहिले नाहीत. ते छायाचित्रण शिकले आणि पुढे कॅमेऱ्याच्या मागे उभे राहून त्यांनी चित्रपटांचे चित्रीकरण केले. ज्या घरात पाहुणे म्हणून प्रवेश मिळाला, तेथले सारे काम त्यांनी शिकून घेतले.

आता अलीकडच्या काळाकडे वळू. ६ फेब्रुवारी २०१५ रोजी 'बाजी' नावाचा मराठी बोलपट प्रदर्शित झाला. दिग्दर्शक निखिल महाजन हे होते. श्रीरंगपूर नावाचे एक कल्पित गाव. संकटकाळी घोड्यावरून येऊन गावाचे रक्षण करणाऱ्या मुखवटाधारी बाजीची तेथली दंतकथा. आणि एका साध्यासुध्या तरुणावर त्या बाजीचा वारसा चालविण्याची येऊन पडलेली जबाबदारी, असे त्याचे कथानक. नायक श्रेयस तळपदे, नायिका अमृता खानविलकर आणि खलनायक जितेंद्र जोशी, अशी प्रमुख पात्रयोजना होती. परदेशी पद्धतीचा वीर मराठी मातीत उभा करण्याचा हा धाडसी प्रयोग होता.

परदेशात अशा चित्रपटांची रीत निराळी आहे. अमेरिकेतील मोठ्या कंपन्या नटाशी एकदम अनेक चित्रपटांचा करार करतात. रॉबर्ट डाउनी ज्युनियर या नटाने 'आयर्न मॅन'ची भूमिका २००८ पासून २०१९ पर्यंत पुनःपुन्हा केली. एवढा काळ एकच पात्र चालविता येते, याचे कारण त्या चित्रपटांस साऱ्या पृथ्वीवर प्रेक्षक आहे. मराठी चित्रपटाची गोष्ट तशी नाही. त्याचा प्रेक्षक मर्यादित. शिवाय तोच प्रेक्षक हिंदीही उत्तम जाणतो, आणि एकाच चित्रपटगृहातील पडदा मराठी, हिंदी व इंग्रजी अशा तिघांस वाटून घ्यावा लागतो. म्हणून आपल्याकडे वीराच्या एका भूमिकेवर नटाला दहा वर्षे काढता येत नाहीत. यात तोटा आहे हे खरे. पण एक लाभही आहे. नट एका मुखवट्यात अडकून पडत नाही. त्याला दुसरे काम शोधावेच लागते, आणि ते शोधताना त्याच्या अंगी खरोखर काय आहे, हे उघड होते.

श्रेयस तळपदे यांचेच उदाहरण घ्या. मुंबईत वाढलेला हा नट मराठी मालिकांतून पुढे आला. २००४ साली 'सावरखेड एक गाव' आणि 'पछाडलेला' या चित्रपटांतून तो मराठी प्रेक्षकांच्या परिचयाचा झाला, आणि २००५ साली नागेश कुकुनूर यांच्या 'इक्बाल' या हिंदी चित्रपटाने त्याला सर्व देशाने ओळखले. त्यात त्याने वेगवान गोलंदाज होऊ पाहणाऱ्या मूकबधिर मुलाचे काम केले. संपूर्ण भूमिकेत बोलावयास एक शब्द नाही! जे सांगावयाचे ते डोळ्यांनी आणि हातांनी. पुढे 'गोलमाल' मालेतील चित्रपटांत त्याने लोकांस हसविले, २०१४ साली 'पोश्टर बॉईज' या मराठी चित्रपटाची निर्मिती केली, आणि २०१७ साली त्याच कथेच्या हिंदी रूपाचे दिग्दर्शनही स्वतः केले. मौजेची गोष्ट अशी की, २०२१ साली 'पुष्पा' या तेलुगू चित्रपटाची हिंदी आवृत्ती देशभर गाजली, तेव्हा पडद्यावर चेहरा अल्लू अर्जुन यांचा होता आणि हिंदी आवाज तळपद्यांचा. एका शब्दावाचून ज्याने कीर्ती मिळविली, त्यालाच पुढे चेहऱ्यावाचून टाळ्या मिळाल्या.

त्याच नटाला डिसेंबर २०२३ मध्ये, दिवसभराचे चित्रीकरण आटोपून घरी आल्यावर हृदयविकाराचा झटका आला. त्यावेळी त्याचे वय ४७ वर्षांचे होते. योग्य उपचार वेळेवर मिळाले, तो बरा झाला आणि कामावर परतला. 'पुष्पा'च्या २०२४ सालच्या दुसऱ्या भागाचा हिंदी आवाजही त्याचाच होता. पडद्यावरचा वीर कितीही अजिंक्य असो, ते सोंग वाहणारे शरीर तुमच्या-आमच्यासारखेच असते, याची आठवण मुलांनी ठेवावी म्हणून हा प्रसंग येथे सांगितला.

अमृता खानविलकर यांची वाट निराळी. २००४ साली एका दूरचित्रवाणी वाहिनीने नवे कलावंत निवडण्यासाठी घेतलेल्या स्पर्धेतून त्या पुढे आल्या. २००६ साली 'गोलमाल' या मराठी चित्रपटात त्यांनी पदार्पण केले; पण घरोघर नाव झाले ते १ जानेवारी २०१० रोजी प्रदर्शित झालेल्या 'नटरंग'मधील लावणीने. एका लावणीने नाव होते, तसाच धोकाही उत्पन्न होतो. लोक त्या नटीस केवळ नर्तकी समजू लागतात. खानविलकर यांनी 'बाजी'च्याच वर्षी 'कट्यार काळजात घुसली' या संगीतप्रधान चित्रपटात झरीनाची भूमिका केली आणि २०१८ साली 'राझी' या हिंदी चित्रपटात एक दुय्यम भूमिका पत्करली. २०२२ साली विश्वास पाटील यांच्या कादंबरीवरील 'चंद्रमुखी' या चित्रपटाची नायिका होऊन त्या पुन्हा लावणीकडे वळल्या. परंतु या वेळी नृत्य एका गाण्यापुरते नव्हते, सबंध व्यक्तिरेखेचा भार त्यांच्यावर होता. एका गाण्यापासून एका कथेपर्यंत पोहोचावयास बारा वर्षे लागली.

तिसरे जितेंद्र जोशी. हे पुण्याचे. नाटक, मालिका, सूत्रसंचालन, जे हाती आले ते त्यांनी केले, गीतेही लिहिली. २०१२ साली 'तुकाराम' या चित्रपटात संतश्रेष्ठ तुकोबांचे काम त्यांनी केले. ज्यांनी तीन वर्षांपूर्वी त्यांच्या मुखी अभंग ऐकले होते, त्यांनीच 'बाजी'त त्यांचा दुष्टावा पाहिला. पुढे २०१८ साली 'सेक्रेड गेम्स' या मालिकेत काटेकर नावाच्या पोलीस शिपायाची भूमिका त्यांनी अशी वठविली की मराठी न जाणणारे प्रेक्षकही त्यांस ओळखू लागले.

परंतु 'बाजी'ची खरी फलश्रुती अद्याप सांगावयाची आहे. दिग्दर्शक महाजन आणि नट जोशी पुन्हा एकत्र आले आणि त्यांनी 'गोदावरी' हा चित्रपट केला. जोशी त्याचे एक निर्मातेही होते. यात घोडा नाही, मुखवटा नाही. नाशिकच्या नदीकाठी घरभाड्याची वसुली करीत हिंडणारा, घरच्यांवर आणि स्वतःवर रुसलेला एक सामान्य गृहस्थ, आणि अकस्मात जवळ येऊन ठेपलेला मृत्यू, एवढीच ही कथा. या भूमिकेसाठी जोशी यांस २०२१ साली गोव्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात उत्कृष्ट अभिनेत्याचा रौप्यमयूर मिळाला. महाजन यांस त्याच चित्रपटासाठी उत्कृष्ट दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार २०२३ साली जाहीर झाला. अजिंक्य वीराच्या कथेने जे दिले नाही, ते एका हताश मनुष्याच्या कथेने दिले. जी नदी नाशिकहून आमच्या पैठणास येते, तिच्याच काठची ही कथा आहे. म्हणून आमच्या वाचकांनी ती अवश्य पाहावी.

या तिन्ही वृत्तांतांवरून नटाच्या धंद्याविषयी काही गोष्टी स्पष्ट होतात. पहिली ही की, नटाला मासिक वेतन नसते. एक काम संपले की दुसरे मिळेपर्यंतचा काळ स्वतःच्या शिलकीवर काढावा लागतो. दुसरी ही की, म्हणूनच ज्याच्या हाती एकाहून अधिक विद्या असतात, तो तरतो. आवाज, नृत्य, लेखन, दिग्दर्शन, निर्मिती यांपैकी काही ना काही या प्रत्येकाने जोडीला ठेवले होते. तिसरी ही की, लहान काम कमीपणाचे न मानता जो करतो, त्याच्याकडे मोठे काम येण्याचा संभव अधिक. आणि चौथी, नाव झाल्यावरही शिकणे संपत नाही.

आमच्या विद्यार्थ्यांस हे सर्व मुंबई-पुण्याचे वाटू नये. वर ज्या 'तुकाराम' चित्रपटाचा उल्लेख आला, त्याचे दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी हे याच शहराचे. त्यांनी आणि नाटककार प्रशांत दळवी प्रभृती मित्रांनी 'जिगीषा' ही नाट्यसंस्था येथेच सुरू केली आणि मग ती मुंबईस गेली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. तेथे हे शास्त्र रीतसर शिकता येते.

यास्तव पालकांस आमची विनंती आहे की, मुलाने नट होण्याची इच्छा सांगितली तर त्याला हसू नये आणि रागेही भरू नये. त्याला एवढेच विचारावे, 'नायकाचे काम मिळाले नाही, तर त्या धंद्यात तुला दुसरे काय काय करता येईल?' ज्याच्यापाशी या प्रश्नाचे उत्तर आहे, किंवा जो ते शोधावयास तयार आहे, त्याला थांबवू नये. त्याने आधी शाळेचा अभ्यास पुरा करावा, भाषा शुद्ध करावी, शरीर निकोप राखावे, आणि येत्या स्नेहसंमेलनात भालदाराचे काम वाट्यास आले तरी ते मन लावून करावे. उच्चार स्पष्ट झाला पाहिजे, शेवटच्या बाकावर बसलेल्यास तो ऐकू गेला पाहिजे, आणि काम संपल्यावर पडदे आवरण्यासही तोच हजर असला पाहिजे.