तपकिरी ठिपक्यांची उलटतपासणी

यकृताच्या तुकड्याची स्लाईड सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली की कधीकधी पेशींमध्ये सोनेरी-तपकिरी ठिपके दिसतात. ते कशाचे, हे नुसतं बघून छातीठोकपणे सांगणं कठीण. वय झालेल्या पेशींत साचणारं लिपोफ्युसिन तपकिरी, तुंबलेलं पित्तही त्याच छटेच्या जवळपासचं. फॉर्मॅलिन जुनं होऊन आम्लधर्मी झालं असेल, तर त्याच्यामुळेही तपकिरी गाळ बसतो. आणि पेशींनी साठवून ठेवलेलं लोह, ज्याला हिमोसिडेरिन म्हणतात, तेही तपकिरीच. नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या स्टेनमध्ये ही सगळी मंडळी एकाच गणवेशात उभी असतात.

त्यांच्यातलं लोह हुडकून काढायची युक्ती मॅक्स पर्ल्स या जर्मन पॅथॉलॉजिस्टने १८६७ मध्ये मांडली. त्यासाठी त्याने वापरला ‘प्रशियन ब्लू’. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये डीसबाख नावाचा रंग-कारागीर लाल रंग बनवायला बसला होता. त्याच्याकडच्या पोटॅशमध्ये प्राणिज पदार्थांची भेसळ झालेली होती, आणि भांड्यात निघाला गडद निळा. या निळ्याच्या मुळाशी लोह असतं. मग रंग बाहेरून चढवायचाच कशाला? ऊतीतल्या लोहाकडूनच तो तयार करून घेतला तर? पर्ल्सची पद्धत ती हीच. म्हणून तिला आपण सवयीने स्टेन म्हणत असलो, तरी ती खरं तर स्लाईडवर घडवून आणलेली रासायनिक अभिक्रिया आहे.

कृती साधी आहे. मेणाच्या ब्लॉकमधून मायक्रोटोमवर तीन-चार मायक्रॉन जाडीचा काप घ्यायचा. पोटॅशियम फेरोसायनाइड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांची प्रत्येकी दोन टक्क्यांची द्रावणं आयत्या वेळी सम प्रमाणात मिसळायची आणि काप त्यात साधारण वीस मिनिटं ठेवायचा. आम्ल हिमोसिडेरिनमधलं फेरिक लोह मोकळं करतं, फेरोसायनाइड त्याला तिथल्या तिथे धरतं आणि पाण्यात न विरघळणारा निळा साका जागेवरच बसतो. हे ‘जागेवरच’ फार महत्त्वाचं, कारण कुठल्या पेशीत किती लोह होतं ते त्यामुळेच कळतं. शेवटी न्यूक्लिअर फास्ट रेडने केंद्रकं लाल केली की गुलाबी पार्श्वभूमीवर निळे कण ठसठशीत उठतात.

साध्या कृतीला पथ्यं मात्र कडक. नळाच्या पाण्यातलं लोह किंवा गंजका चिमटा यांमुळे स्लाईडवर भलतीकडेच निळं उमटतं. म्हणून धुवायला डिस्टिल्ड वॉटर, भांडी स्वच्छ, आणि सोबत ज्यात लोह आहे हे आधीच माहीत आहे अशा ऊतीची कंट्रोल स्लाईड. ती निळी झाली नाही, तर रुग्णाच्या स्लाईडवर निळं नाही याला काडीचाही अर्थ नाही.

गंमत अशी की शरीरातलं बहुतेक लोह रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये असतं आणि नेमकं तेच या चाचणीत दिसत नाही. ते पोर्फिरिनच्या कड्यात इतकं घट्ट बसलेलं असतं की पातळ आम्लाला दाद देत नाही. काप तांबड्या पेशींनी गच्च भरलेला असला, तरी त्या निळ्या होत नाहीत. निळा होतो तो साठा.

आणि साठा कुठे आहे, यावरून तो कसा झाला याचा माग लागतो. आतड्यातून गरजेपेक्षा जास्त लोह शोषलं जाणाऱ्या आनुवंशिक हिमोक्रोमॅटोसिसमध्ये निळे कण आधी यकृताच्या मुख्य पेशींत दिसतात. वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णात ते आधी कुप्फर पेशींत, म्हणजे यकृतातल्या सफाई कामगारांत, दिसतात. संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप आकसली की फुप्फुसांत रक्त तुंबतं आणि झिरपतं. तिथल्या भक्षक पेशी ते गिळतात आणि पर्ल्सच्या स्टेनमध्ये निळ्याशार होतात.

अस्थिमज्जेत प्रश्न उलटा असतो. तिथे काहीच निळं नसेल, तर लोहाची कणगी रिकामी आहे. आज यासाठी सहसा रक्तातलं फेरिटिन मोजलं जातं आणि ते पुरतंही. पण क्षयासारखा संसर्ग किंवा दीर्घकाळची सूज असेल, तर फेरिटिन आपोआप वाढतं आणि कोठार भरल्याचा भास होतो. अशा पेचात मज्जेची निळी स्लाईड अजूनही शेवटचा शब्द मानली जाते. दीर्घ आजाराच्या ॲनिमियात तर भक्षक पेशी निळ्याने भरलेल्या आणि शेजारी तयार होणाऱ्या तांबड्या पेशी लोहाविना उपाशी, असं चित्र एकाच स्लाईडवर दिसतं.

‘रक्त कमी’ म्हणजे ‘लोह कमी’ हे समीकरण आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की ही स्लाईड सगळ्यांनी एकदा बघावी असं मला वाटतं. थॅलेसेमिया मेजरच्या मुलाचं हिमोग्लोबिन सतत घसरतं, म्हणून दर काही आठवड्यांनी त्याला रक्त चढवावं लागतं. एका पिशवीतून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह आत येतं. निरोगी शरीर अन्नातून दिवसाला जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम घेतं आणि साधारण तितकंच गमावतं. जादा लोह बाहेर टाकायची सोयच त्याच्याकडे नाही. ते यकृतात, हृदयात, अंतःस्रावी ग्रंथींत साचत जातं. ते काढण्यासाठी डिफेरासिरॉक्ससारखी औषधं द्यावी लागतात. किती साचलं हे मोजायला आता दर वेळी यकृतात सुई घालायची गरज उरलेली नाही, एमआरआयवर अंदाज येतो. पण ते कोणत्या पेशीत बसलंय, हे एमआरआय सांगत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना ॲनिमिया आढळला. त्यांच्यातल्या पुष्कळ जणींना लोहाच्या गोळ्यांची खरोखरच गरज आहे. डॉक्टरांनी दिलेल्या, विशेषतः गरोदरपणातल्या गोळ्या कुणीही मनाने बंद करू नयेत. पण थॅलेसेमिया मायनरमध्येही तांबड्या पेशी लहान आणि फिकट दिसतात, अगदी लोहाच्या कमतरतेत दिसतात तशाच. तेव्हा महिनोन्महिने गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन हलत नसेल, किंवा घरात कुणाला थॅलेसेमिया असेल, तर गोळ्यांची पुढची पट्टी आणण्याआधी डॉक्टरांना विचारून फेरिटिन आणि हिमोग्लोबिनची एचपीएलसी तपासणी करून घ्या.