जलव्यवस्थापनातील क्षमता-बांधणी

३.१ प्रस्तावना

‘बांधकाम’ आणि ‘बांधणी’ हे दोन्ही शब्द ‘बांधणे’ या एकाच क्रियापदाशी जोडलेले आहेत. परंतु त्यांची अर्थक्षेत्रे भिन्न आहेत. बंधाऱ्याचे बांधकाम होते, तर संघटनेची बांधणी होते. पाण्याचा प्रश्न आला की आपले लक्ष बहुधा बांधकामाकडे जाते. प्रस्तुत घटकात आपण बांधणीचा, म्हणजेच माणसांच्या व संस्थांच्या क्षमतेचा विचार करणार आहोत.

३.२ संकल्पना

१९९१ साली नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिसंवादात जलक्षेत्रातील क्षमता-बांधणीची तीन अंगे मांडण्यात आली : (१) अनुकूल धोरण व कायदे, (२) लोकसहभागासह संस्थांचा विकास आणि (३) मनुष्यबळाचा विकास.

महाराष्ट्रात पहिल्या अंगाची पूर्तता बऱ्याच अंशी झालेली आहे. सिंचन पद्धतींचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याविषयीचा अधिनियम २००५ सालचा, तर भूजलविषयक अधिनियम २००९ सालचा आहे. पाणीवापर संस्था हे दुसऱ्या अंगाचे उदाहरण होय. प्रशिक्षणासाठी औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे १९८० मध्ये ‘वाल्मी’ ही संस्था स्थापन झाली. तथापि गावात पाण्याचा हिशेब मांडू शकणारी माणसे नसतील, तर कायदा कागदावर राहतो आणि संस्था नावापुरती उरते.

३.३ गावपातळीवरील उपयोजन

वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील रिठद हे गाव विचारात घ्या. या भागात खरिपाचे सोयाबीन व तूर मुख्यतः पावसावर येतात. रब्बीच्या हरभऱ्याला व गव्हाला मात्र विहिरीचा आधार लागतो. जमिनीखाली बेसाल्ट खडक आहे. त्याच्या भेगांत आणि झिजलेल्या थरांतच पाणी साठते. साठा मर्यादित असतो व बहुधा सामाईकही. एका विहिरीतील उपशाचा परिणाम शेजारच्या विहिरीवर होऊ शकतो. म्हणून गहू किती एकरांवर पेरावा, हा निर्णय दिसतो वैयक्तिक, पण उन्हाळ्यात त्याचे परिणाम सर्वांच्या घागरीपर्यंत पोहोचतात.

हा निर्णय अंदाजाने न घेता हिशेबाने घेता येतो. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर १०,००० लिटर पाणी मिळते. उदाहरणादाखल १,००० हेक्टरांच्या शिवारावर ७०० मिलिमीटर पाऊस पडला असे मानू. एकूण पाणी ७०० कोटी लिटर होईल. त्यातून बाष्पीभवन, पिकांनी व मातीने घेतलेला ओलावा आणि वाहून गेलेले पाणी वजा केले, की उरते ते मुरलेले पाणी. त्यात आधी माणसांचा व जनावरांचा वाटा, नंतर पिकांचा. जमाखर्चाच्या या मांडणीला ‘पाण्याचा ताळेबंद’ म्हणतात.

अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारने पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली असा ताळेबंद ग्रामसभेत मांडण्याची प्रथा रुजवली. जास्त पाणी पिणाऱ्या पिकांवर व सिंचनासाठीच्या विंधनविहिरींवर ग्रामस्थांनी स्वतःच निर्बंध घातले. पर्जन्यमापकाची नोंद ठेवणे, विहिरीची पातळी मोजणे आणि ते आकडे सभेत समजावून सांगणे ही तीन कौशल्ये कोणत्याही गावात शिकता येण्याजोगी आहेत.

३.४ सारांश

बंधारा पाणी अडवतो. अडवलेल्या पाण्याचे वाटप मात्र माणसांनाच ठरवावे लागते. ते ठरवण्याचे ज्ञान, त्यासाठीची संस्था आणि तिला आधार देणारा कायदा यांचा मेळ म्हणजे क्षमता-बांधणी होय.

स्वयं-अध्ययन : आपल्या गावातील एका विहिरीची पाणीपातळी दिवाळीनंतर दरमहा मोजा. त्या नोंदींच्या आधारे ग्रामसभेपुढे मांडता येईल असे दहा ओळींचे निवेदन लिहा.