हिरवा दिवा लुकलुकतोय ना?

विमानतळावर हिरव्या पाटीवर पांढरं हृदय आणि त्यात वीज दिसली, की समजायचं, इथे एईडी आहे. लय बिघडून नुसतंच थरथरणाऱ्या हृदयाला शॉक देणारं यंत्र, म्हणजेच डिफिब्रिलेटर. वापरायचं कसं ते यंत्रच बोलून सांगतं, तेव्हा ती चिंता सोडा. खरी गंमत आहे ती पेटीत पडून असताना ते काय उद्योग करतं त्यात.

ते स्वतःचीच परीक्षा घेतं! मॉडेलनुसार रोज किंवा आठवड्याला बॅटरी आणि सर्किट तपासतं. काही यंत्रं तर महिन्यातून एकदा शॉकइतकी ऊर्जा भरून घेतात आणि आतल्या आत जिरवून टाकतात. पास झालं की हिरवा दिवा, नापास झालं की लाल फुली, नाहीतर चिवचिव. कटकट नको म्हणून बॅटरी काढून ठेवू नका, म्हणजे मिळवलं. काही मॉडेल्समध्ये बॅटरी काढून पुन्हा बसवली की सविस्तर चाचणी सुरू होते, पण हौसेने रोज नको. चाचणीही बॅटरीच खाते.

पॅडवरची तारीख मात्र बऱ्याच यंत्रांना कळत नाही. ती बघायला माणूसच लागतो. पॅडचं चिकट जेल दोन-पाच वर्षांत वाळतं आणि ‘आत काय आहे बघू’ म्हणून सीलबंद पाकीट फोडलं, तर त्याआधीच. सोबतच्या किटमध्ये कात्री असते, ती कपडे कापायला. आणि दाढीचा रेझर? छातीवर केसांचं जंगल असेल तर पॅड चिकटत नाही, म्हणून!

उन्हाचं म्हणाल, तर ठेवण्याची कमाल मर्यादा मॉडेलनुसार ४३ ते ५० अंशांच्या आसपास. मे महिन्यात नागपुरात उन्हात उभ्या गाडीने ती केव्हाच ओलांडलेली असते. कॅनडात उलटी तऱ्हा, तिथे बाहेरच्या पेट्यांना हीटर बसवतात.

१९६५ साली बेलफास्टच्या डॉ. फ्रँक पँट्रिज यांनी रुग्णवाहिकेत चढवलेला डिफिब्रिलेटर सुमारे ७० किलोचा होता, गाडीच्या बॅटऱ्यांवर चालायचा. आजचं यंत्र दीड ते तीन किलोचं.

ब्रिटनमध्ये मोबाइलमुळे ओस पडलेले लाल टेलिफोन बूथ बीटी कंपनीने गावांना एकेका पौंडाला देऊन टाकले. अनेक बूथमध्ये आता डिफिब्रिलेटर आहे. जागा गावाला तोंडपाठ, आणखी काय हवं! काही पेट्यांना कुलूप असतं, पण ९९९ वर फोन केला की आकडा मिळतो.

सगळ्यांत भारी नमुना लास व्हेगासच्या कसिनोंचा. सुरक्षारक्षकांना शिकवलं, यंत्रं हाताशी ठेवली. लबाड जुगाऱ्यांवरचे कॅमेरे छताला होतेच. २००० साली निकाल छापून आला: कोसळल्यापासून तीन मिनिटांच्या आत शॉक मिळालेल्यांपैकी ७४ टक्के वाचले, त्याहून उशीर झालेल्यांपैकी ४९. तेव्हा महागडं यंत्र घेऊन ते ऑफिसच्या कपाटात कुलूपबंद करणाऱ्या सोसायटीला आपला कोपरापासून नमस्कार.

आणि हो, काही पेट्यांचं दार उघडताच भोंगा कोकलतो. दचकून दार लावू नका. गर्दी जमायलाच हवी असते. त्यातल्या एकाला १०८ लावायला सांगा, दुसऱ्याला छाती दाबत राहायला.