काळ्या डब्याची साक्ष

जुनी स्पोर्ट्स कार घेताना सगळे इंजिन बघतात, पेंट बघतात, सीटवरचं लेदर कुरवाळतात. पण गाडी खरं बोलतेय की थापा मारतेय, हे सांगतो पेट्रोलची वाफ अडवणारा एक साधासा डबा!

१९७० ची शेव्हरोले कॉर्व्हेट. लांबलचक नाक, चाकांवर फुगलेली बॉडी, आरशासारखा चमकणारा रंग. कॅलिफोर्नियात नोकरीला गेलेल्या तुमच्या एखाद्या कार-वेड्या मित्राने मेल केलेला फोटो बघूनच जीव खुळावतो. ‘ओरिजिनल कॅलिफोर्निया कार, मॅचिंग नंबर्स’ असं जाहिरातीत ठणकावून सांगितलेलं असतं. मित्र चेकबुक काढायच्या बेतात असतो.

त्याला म्हणावं, जरा थांब. एकच प्रश्न विचार, ‘हिचा कॅनिस्टर कुठाय?’

समोरून साधारण दोनपैकी एक उत्तर येतं. ‘छे, तो सगळेच काढून टाकतात’ किंवा ‘ह्या गाडीला तो नव्हताच मुळी’. गंमत म्हणजे दोन्ही उत्तरं खरी असू शकतात आणि दोन्ही साफ खोटीही. त्यातलं खरं काय, हे शोधणं म्हणजे अस्सल डिटेक्टिव्हगिरी आहे.

हा डबा आहे तरी काय?

पेट्रोल ही स्वस्थ बसणारी गोष्ट नाही. गाडी उन्हात नुसती उभी असली, तरी टाकी तापते आणि आतलं पेट्रोल वाफ होऊन बाहेरची वाट शोधतं. गाडी चालवून आल्यावर इंजिन बंद केलं, की गरम कार्बोरेटरमधलं उरलंसुरलं पेट्रोलही हवेत जातं. पूर्वी टाकीच्या झाकणातूनच या वाफेला मोकळी वाट असायची. नियंत्रण नव्हतं त्या काळात गाडीतून बाहेर पडणाऱ्या एकूण हायड्रोकार्बनपैकी साधारण पाचवा हिस्सा टाकी आणि कार्बोरेटरमधून असा उडून जायचा. म्हणजे गाडी जागची न हलतासुद्धा प्रदूषण करायची!

यावरचा उपाय अगदी साधा. टाकीचं झाकण हवाबंद करायचं, वाफेसाठी वेगळी नळी काढायची आणि ती ॲक्टिव्हेटेड चारकोल भरलेल्या डब्यात सोडायची. आपल्या घरच्या वॉटर प्युरिफायरमध्ये असतो, तसलाच हा कोळसा. तो वाफ धरून ठेवतो. इंजिन सुरू झालं, की त्याच्या ओढीने बाहेरची ताजी हवा डब्यातून खेचली जाते, साठलेली वाफ तिच्याबरोबर इंजिनात जाते आणि जळून जाते. कचरा नाही, नासाडी नाही. हाच तो कॅनिस्टर. आज पुण्या-मुंबईत धावणाऱ्या पेट्रोल गाड्यांमध्येही त्याचाच वंशज बसलेला असतो. फरक इतकाच, की आता त्याची व्हॉल्व्ह कम्प्युटर उघडतो.

अननस ते धुरकं

या डब्याचा जन्म व्हायला लॉस एंजेलिसची घुसमट कारणीभूत ठरली. जुलै १९४३ मध्ये शहरावर एवढं दाट धुरकं उतरलं, की जपानने विषारी वायूचा हल्ला केला की काय, अशी शंका लोकांना आली. महायुद्धाचे दिवस होते ते. पण शत्रू घरातलाच होता.

तो पकडला एका केमिस्टने. कॅलटेकमधले डच शास्त्रज्ञ एरी हागेन-स्मिट अननसाच्या वासामागची रसायनं शोधत होते. त्यांनी तीच उपकरणं शहराच्या हवेकडे वळवली. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी दाखवून दिलं, की गाड्या आणि रिफायनऱ्यांमधून सुटणारी हायड्रोकार्बन्स आणि नायट्रोजनची ऑक्साइड्स यांच्यावर ऊन पडलं, की ओझोन तयार होतो. डोळे झोंबवणारं, फुप्फुसं जाळणारं धुरकं ते हेच. पुढे १९६७ मध्ये कॅलिफोर्नियाचं एअर रिसोर्सेस बोर्ड स्थापन झालं, तेव्हा त्याचे पहिले अध्यक्षही हागेन-स्मिटच झाले.

मग नियम एकेक करून आवळत गेले. आधी इंजिनाच्या क्रँककेसमधले वायू, मग सायलेन्सरचा धूर आणि १९७० च्या मॉडेलपासून टाकी-कार्बोरेटरची वाफ. हा शेवटचा नियम त्या वर्षी फक्त कॅलिफोर्नियात होता. उरलेल्या अमेरिकेला तो १९७१ पासून लागू झाला. आपल्या तपासातला सगळा घोळ या एका वर्षाच्या फरकात लपलाय.

३६ डॉलर ९० सेंट

१९७० ची कॉर्व्हेट सेंट लुईसच्या कारखान्यात तयार व्हायची. आदल्या वर्षीचं मॉडेल लांबल्यामुळे हिचं उत्पादन थेट जानेवारी १९७० मध्ये सुरू झालं आणि वर्षभराच्या आकड्यात एकूण १७,३१६ गाड्याच निघाल्या. त्यातल्या फक्त १,७५८ गाड्यांना ‘एनए९’ हा कोड मिळाला. म्हणजे कॅलिफोर्नियासाठीची वाफ-नियंत्रण यंत्रणा. जादा किंमत ३६ डॉलर ९० सेंट. पाच हजार डॉलरच्या घरातल्या गाडीत हा खर्च म्हणजे किस झाड की पत्ती!

तेव्हा या यंत्रणेचं कोणालाच कौतुक नव्हतं. ती दिसायला कुरूप, नळ्यांचं जंजाळ वाढवणारी. शिवाय ‘हिच्यामुळे पॉवर कमी होते’ असा सर्रास समज होता. (कॅनिस्टरमुळे जाणवण्याइतकी पॉवर काही कमी होत नाही.) गॅरेजवाल्यांनी डबे उपटून फेकले, नळ्यांची तोंडं बुजवली. आणि आज काय? तेच फेकलेले डबे हुडकत लोक फिरताहेत, कारण गाडी कारखान्यातून निघाली तश्शी असण्याला किंमत आली. कॉर्व्हेट रिस्टोअर करणाऱ्यांची अमेरिकेतली एनसीआरएस ही संस्था १९७४ पासून आहे. तिच्या परीक्षणात ‘टॉप फ्लाइट’ किताब मिळवायचा, तर ९४ टक्के गुण लागतात. तिथे नळीवरचा क्लिपसुद्धा नजरेतून सुटत नाही.

कागद, आकडे, नळ्या

मग खात्री करायची कशी? पहिली गोष्ट, चेसिस नंबरवर भिस्त ठेवू नका. १९७० च्या कॉर्व्हेटच्या व्हिआयएनमधून मॉडेल, वर्ष, कारखाना आणि अनुक्रमांक कळतो. एनए९ बद्दल तो चकार शब्द काढत नाही.

खरा दाखला मिळतो टाकीवर. त्या काळी कारखान्यात गाडीचा बिल्ड शीट, म्हणजे कुठले ऑप्शन बसवायचे त्याची छापील यादी, पेट्रोलच्या टाकीच्या वरच्या बाजूला चिकटवत. यालाच ‘टँक स्टिकर’ म्हणतात. तो वाचायचा, तर मागचं स्पेअर व्हील काढून टाकी खाली उतरवावी लागते. ज्या टाकीची वाफ अडवायची, तिच्याच डोक्यावर त्याची नोंद! पन्नास वर्षांत पेट्रोल सांडून अनेक स्टिकर पुसले गेलेत. पण एनए९ ही अक्षरं दिसली, तर अर्धी लढाई जिंकली. मूळ विंडो स्टिकर मालकाने जपला असेल, तर त्यावर ऑप्शन किंमतीसकट छापलेला सापडतो. गाडी कुठल्या डीलरकडे रवाना झाली, याची नोंदही एनसीआरएसमार्फत मिळू शकते. डीलर कॅलिफोर्नियातला निघाला, तर एक दुजोरा मिळाला.

दुसरा साक्षीदार कार्बोरेटर. ४५४ क्युबिक इंचाच्या इंजिनावर रॉचेस्टर कंपनीचा क्वाड्राजेट कार्बोरेटर यायचा. मॅन्युअल गिअरच्या साध्या गाडीसाठी त्याचा नंबर ७०४०२०५ आणि एनए९ गाडीसाठी ७०४०५०५. फरक एका आकड्याचा! नंबर कार्बोरेटरच्या बॉडीवर उभा ठोकलेला असतो. त्याच्या जोडीला चार आकडी तारीख असते. पहिले तीन आकडे वर्षातला दिवस, शेवटचा आकडा वर्ष. ०४५० असेल, तर १९७० चा पंचेचाळिसावा दिवस. म्हणजे १४ फेब्रुवारी, चक्क व्हॅलेंटाइन्स डे! कार्बोरेटर गाडीच्या आधी काही दिवस-आठवडे तयार झालेला असला पाहिजे. गाडी मार्चची आणि कार्बोरेटर ऑगस्टचा, असं असेल तर तो नंतर बदललेला आहे.

तिसरा साक्षीदार सगळ्यात प्रामाणिक. तो म्हणजे नळ्या. कॉर्व्हेटची टाकी अगदी मागे आणि इंजिन पुढे. त्यामुळे टाकीतली वाफ पुढच्या कॅनिस्टरपर्यंत न्यायला चेसिसच्या कडेने एक जादा स्टीलची नळी लागते आणि टाकीला ती जोडायला जागा लागते. डबा काढून टाकणं पाच मिनिटांचं काम. पण गाडीखाली आडवं पडून अख्खी नळी उपटायचा उपद्व्याप सहसा कोणी करत नाही. त्यामुळे डबा नसला तरी त्याचे क्लिप, ब्रॅकेट, स्क्रूची जुनी भोकं आणि एक अनाथ नळी मागे राहते. टॉर्च घ्या आणि गाडीखाली शिरा!

नकली दाखले

इथे खरी मेख आहे. टँक स्टिकर नव्याने छापून मिळतात, तेही हुबेहूब. कुणी ते हौसेखातर लावतो, कुणी फसवायला. १९७१ च्या कॉर्व्हेटला कॅनिस्टर सरसकट असल्यामुळे तिचे भाग १९७० च्या गाडीला बसवून ‘ओरिजिनल एनए९’ म्हणून खपवणंही अशक्य नाही. उलट, बाहेरच्या राज्यासाठी बनलेल्या गाडीला कॅनिस्टर नसणं हेच अस्सल. तिला तो हौसेने बसवला, तर परीक्षकांच्या लेखी तीही भेसळच.

म्हणून सोपा नियम लक्षात ठेवा. एका पुराव्यावर कधी निकाल द्यायचा नाही. कागद, आकडे आणि नळ्या तिघांनी एकच गोष्ट सांगितली पाहिजे. कोरा करकरीत स्टिकर आणि गंजलेली टाकी अशी जोडी दिसली, की कान टवकारा. स्टिकर छापायला प्रिंटर पुरतो. पन्नास वर्षांचा गंज, धूळ आणि क्लिपखाली टिकलेला मूळ रंग एका दिवसात कुणाला बनवता येत नाही.

कायदा काय म्हणतो?

कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना स्मॉग चेकमधून सूट आहे. त्यामुळे १९७० च्या कॉर्व्हेटची टेस्ट होत नाही. पण टेस्ट नाही म्हणजे रान मोकळं, असं नाही हं! प्रदूषण-नियंत्रणाचं उपकरण काढणं किंवा निकामी करणं तिथल्या वाहन कायद्यात मुळातच मना आहे.

१९७६ पासूनच्या गाड्यांची गोष्ट आणखी कडक. पूर्वी ३० वर्षं उलटली, की सूट मिळायची. तो सरकता नियम २००५ मध्ये थांबला आणि १९७६ ची रेषा कायमची आखली गेली. १९७६ ते १९९५ च्या गाड्यांमध्ये वाफेची गळती तपासणारी प्रेशर टेस्टही डिसेंबर २००७ पासून होते. जुन्या संग्राह्य गाड्यांना सवलत देणारं ‘लेनोज लॉ’ हे विधेयक टीव्ही स्टार जे लेनोच्या पाठिंब्याने २०२५ मध्ये आलं, पण समितीतच अडकलं. म्हणजे मित्राचा डोळा १९७७ च्या गाडीवर असेल, तर कॅनिस्टर हा हौसेचा नाही, नंबरप्लेटचा प्रश्न आहे!

आपल्याकडेही ओरिजिनल असण्याला कायद्याने भाव दिलाय. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ सीरिजचा व्हिंटेज नंबर मिळू शकतो. अट अशी, की ती मूळ रूपात असावी. चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठी उलथापालथ झालेली नसावी.

गाडी बघायला जाताना

* टाकीचं झाकण मूळ पद्धतीचं, हवाबंद आहे का? भोक असलेलं झाकण लावलं, तर पुढची सगळी यंत्रणा फुकट.
* गाडीत किंवा गॅरेजमध्ये पेट्रोलचा वास येतोय? ‘जुन्या गाडीला येतोच’ हे उत्तर मान्य करू नका. वाफ कुठूनतरी निसटतेय.
* रबरी नळ्या हाताने दाबून बघा. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलपुढे जुनं रबर टिकत नाही. बदलताना इथेनॉल सोसणारी नळीच घ्या.
* कॅनिस्टर उचलून बघा. भलताच जड असेल, तर आत पेट्रोल शिरलंय आणि कोळसा कामातून गेलाय.
* काढलेले जुने भाग फेकू नका. चालत नसले तरी पुरावा म्हणून ते सोन्यासारखे आहेत.
* टाकी उतरवण्याचं काम मोकळ्या हवेत आणि जाणत्या मेकॅनिककडूनच. जवळ ठिणगी नको, सिगरेट नको, गॅसचा गीझरही नको.

टाकी उतरवायला अर्धा दिवस मोडतो आणि थोडे पैसेही जातात. विकणारा का-कू करायला लागला, तर तेही एक उत्तरच समजा. आणि कॅनिस्टर जागेवर सापडलाच, तर तो पुसून, नळ्या बदलून चालू करून घ्या. शोकेसमध्ये ठेवण्यासाठी तो बनलाच नव्हता. डोळे चोळत, खोकत जगणाऱ्या एका शहराला श्वास घेता यावा, म्हणून बनला होता. ते काम त्याला आजही येतं.