कलेचा साठा आणि प्रवाह

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला ‘साठा’ आणि ‘प्रवाह’ यांतील भेद शिकविताना टाकीतील पाणी व नळाची धार हे ठरीव उदाहरण मी देतो. विद्यापीठाच्या कलासंग्रहालयालाही हा भेद लागू पडतो. कायमचा संग्रह हा साठा. मुदतीचे प्रदर्शन हा प्रवाह. बहुतेक संग्रहालयांतील कितीतरी कलाकृती जागेअभावी कोठारात असतात. एकेक विषय घेऊन प्रदर्शने भरली, तरच त्या आळीपाळीने उजेडात येतात.

मुंबईचे सर ज. जी. कला महाविद्यालय १८५७ साली स्थापन झाले. २०२३ मध्ये त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. पिढ्यान्‌पिढ्यांच्या विद्यार्थी-शिक्षकांच्या कलाकृतींचा संग्रह तेथे आहे, आणि वार्षिक प्रदर्शनाची परंपराही जुनी आहे. परंतु असे प्रदर्शन काही दिवसांत आटोपते. ते पाहण्याची किंमत कोण देतो?

उमेळ्याच्या विद्यार्थ्याचे उदाहरण घ्या. सकाळी महाविद्यालय, दुपारी एखाद्या गाळ्यात काम. मुंबईला जाऊन येण्यात त्याचे तीन-चार तास जातात आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. प्रवेश विनामूल्य असला, तरी प्रदर्शन त्याला फुकट पडत नाही. “छापील नव्हे, मूळ चित्र कोणी पाहिले आहे?” असे मी एकदा वर्गात विचारले. तीन हात वर आले. त्यांतील एकाने पाहिलेले चित्र आपल्या चर्चमधील होते.

मूळ कलाकृती नाजूक असतात, खाऱ्या दमट हवेत त्या बिघडतील, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच जुनी मूळ चित्रे पाठवावीत, असा माझा आग्रह नाही. त्यांच्या उत्तम प्रतिकृती, आणि त्यांच्याबरोबर आजच्या विद्यार्थ्यांची मूळ चित्रे, महाविद्यालयांच्या सभागृहांत महिनाभर मांडता येतील. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ पासून बसमधून फिरते संग्रहालय गावोगावी नेले. तेव्हा ही कल्पना अव्यवहार्य म्हणता येणार नाही. वाहतूक व विम्याचा खर्च येईल, हे खरे. पण तो एकदाच होईल. आज तोच खर्च शेकडो विद्यार्थी वेगवेगळा करतात, किंवा परवडत नाही म्हणून घरीच राहतात. दुसऱ्या प्रकारचा खर्च कोणत्याच ताळेबंदात दिसत नाही, एवढेच.

सार्वजनिक पैशावर उभ्या असलेल्या साठ्याचा प्रवाह चर्चगेटपाशीच का थांबावा? वसईपर्यंत गाडी येते, चित्रेही यावीत.