एअर इंडिया विकली गेली, त्यात आपलं काय गेलं?

नायगाव, परळ, लालबाग भागात स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या तरुणांशी बोलताना खाजगीकरणाचा विषय निघाला की आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. एअर इंडिया टाटांनीच सुरू केली होती, ती त्यांच्याकडेच परत गेली. मग आपलं काय बिघडलं? प्रश्न प्रामाणिक आहे. त्याचं उत्तर या कंपनीच्या इतिहासात सापडतं.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन निघालेलं छोटं विमान अहमदाबादमार्गे जुहूला उतरवलं. त्या सेवेची १९४६ मध्ये एअर इंडिया झाली. ८ जून १९४८ रोजी मुंबईहून लंडनला उड्डाणं सुरू झाली. या परदेशी सेवेच्या कंपनीत केंद्र सरकारचा वाटा ४९ टक्के होता. १९५३ मध्ये संसदेने कायदा करून विमान वाहतुकीचं राष्ट्रीयीकरण केलं. जे.आर.डीं.ना ते पटलं नव्हतं, तरी १९७८ पर्यंत अध्यक्षपदी तेच राहिले.

वरवर पाहता फार काही बदललं नव्हतं. बदलला तो नोकरीचा कायदा. मूलभूत हक्क प्रामुख्याने 'राज्या'विरुद्ध मागता येतात आणि 'राज्य' म्हणजे काय ते संविधानाचा अनुच्छेद १२ सांगतो. सरकारी महामंडळंही त्यात येतात, असं न्यायालयांनी पुढे मान्य केलं. त्यामुळे अनुच्छेद १४ ची समानता आणि अनुच्छेद १६(४) चं आरक्षण विमान कंपनीच्या दारात पोहोचलं. भरतीत बिंदुनामावली आली. राखीव जागा दर वेळी भरल्या गेल्या असं नाही, पण अनुशेष किती, हे विचारण्याचा अधिकार होता.

हवाई सुंदरींचंच उदाहरण घ्या. पहिल्या गरोदरपणात नोकरी संपवणारा एअर इंडियाचा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये घटनाबाह्य ठरवला. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न न करण्याची अट मात्र न्यायालयाने कायम ठेवली. विजय अर्धाच होता, पण तो मिळाला कारण मालक सरकार होतं.

बाबासाहेबांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, अशी मांडणी केली. राज्याने हात काढून घेतला तर पोटासाठी राबणारा माणूस खाजगी मालकाच्या मर्जीवर राहतो, हा त्यामागचा विचार होता.

सरकारी एअर इंडिया आदर्श होती, असा आमचा दावा नाही. २००७ मध्ये तिचं इंडियन एअरलाइन्सशी विलीनीकरण झालं. त्यानंतर तोटा वाढतच गेला आणि ऑगस्ट २०२१ अखेर कर्ज ६१,५६२ कोटींवर पोहोचलं. पण विक्रीचा हिशेबही नीट बघा. टाटांची बोली १८,००० कोटींची होती. त्यात १५,३०० कोटींचं कर्ज उचलायचं होतं आणि २,७०० कोटी रोख द्यायचे होते. उरलेलं ४६,२६२ कोटींचं कर्ज सरकारी कंपनीकडे, म्हणजे शेवटी जनतेकडेच राहिलं. २७ जानेवारी २०२२ रोजी कंपनी टाटांच्या ताब्यात गेली. नरिमन पॉइंटची २३ मजली इमारत १,६०१ कोटींना घेण्याचा निर्णय पुढे राज्य मंत्रिमंडळाने घेतला. इमारत सरकारकडे आली, पण तिथल्या नोकऱ्यांवरचा संविधानाचा हक्क गेला.

हे फक्त आमचं मत नाही. पगार आणि बढतीबाबत काही कर्मचाऱ्यांनी खाजगीकरणापूर्वीच मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका केल्या होत्या. मालक बदलल्याने त्या आता चालणार नाहीत, असं न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम केलं: एअर इंडिया आता 'राज्य' नाही. कर्मचाऱ्यांनी दाद दुसरीकडे मागावी. तक्रार तीच होती, पण दार बंद झालं.

जुलै २०२४ मध्ये कालिन्याला विमानतळावरच्या कामगारांच्या सुमारे २,२०० जागांसाठी हजारो तरुणांची झुंबड उडाली. ती भरती एअर इंडिया एअरपोर्ट सर्व्हिसेसची होती. ही कंपनी टाटांकडे गेलेली नाही, सरकारकडेच आहे. तरीही नोकऱ्या ठरावीक मुदतीच्या कराराच्या होत्या. म्हणजे कंपनी न विकताही कायम नोकरी संपवता येते.

म्हणून मित्रांनो, भरतीची जाहिरात हाती आली की पगाराआधी तीन गोष्टी वाचा: मालक कोण, नोकरी कायम की कराराची, आणि राखीव जागा किती. सरकारी कंपनी असेल तर बिंदुनामावली आणि अनुशेषाची माहिती माहिती अधिकारात मागवा. खाजगी शिक्षणसंस्थांतल्या प्रवेशासाठी २००५ च्या ९३ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद १५(५) आला. खाजगी नोकऱ्यांसाठी तशी तरतूद अजून नाही. सार्वजनिक कंपन्या एकेक करून विकल्या जात असताना ही मागणी आपण केली नाही, तर १६(४) कागदावर राहील आणि तो लागू करायला जागाच उरणार नाहीत.